माझ्या पोटातला माकणीचा गोटा

मित्रांनो, ढोकीत गोरोबा लोहाराच्या भात्यामागे गंजक्या लोखंडाचा एक ढीग आहे. त्यात बैलगाडीच्या धावा आहेत, नांगराचे झिजलेले फाळ आहेत, मोटेच्या चाकाचे कणे आहेत. त्या सगळ्यांच्या वर वेटोळं घालून बसलेली दिसते ती मी. तुमच्यातली काही मुलं मला साप म्हणून काठीने डिवचतात. मी मोटारीची स्प्रिंग आहे. मागच्या उजव्या चाकावरची. आज जरा वेळ असेल तर बसा, माझी हकीकत ऐका.

माझं काम सोपं होतं. मोटारीचं अंग वर, चाकं खाली आणि दोघांच्या मध्ये मी. रस्त्यावरचा खड्डा आधी चाकाला कळायचा. चाक तो मला सांगायचं. मी तो माझ्यातच जिरवायचे आणि वर बसलेल्या माणसांना कळू द्यायचे नाही. उभ्या आयुष्यात मी एवढंच केलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी सरळ सळई होते, अंगठ्याएवढी जाड. कामगारांनी मला भट्टीत लालभडक केलं, एका गोल दांड्याभोवती गुंडाळलं आणि तसंच लाल असताना तेलात बुडवलं. तेल चरचरलं, मीही चरचरले. बाहेर आले तेव्हा माझ्या अंगात एक गुण आला होता. कितीही दाबलं तरी मी परत आपल्या उंचीला येई. माझ्याबरोबर माझी एक जुळी बहीणही झाली. ती डाव्या चाकावर बसली, मी उजव्या. आयुष्यभर आम्ही दोघी दोन हातांवर राहिलो, पण एकमेकींना कधी धड पाहिलं नाही.

१९४० साली आमची मोटार आगबोटीतून मुंबईला उतरली आणि तिथून सोलापूरला आली. सोलापुरात उत्तरेश्वर नावाचा ड्रायव्हर तिला न्यायला आला. ढोकीचे कापसाचे व्यापारी महालिंगप्पा यांनी ती घेतली होती. इंग्रजी हद्द संपून निजामाची मोगलाई सुरू होते तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. नाक्यावरचा जवान मोटारीखाली वाकून बघू लागला. त्याने आजवर लोखंडी पाटे एकावर एक रचलेल्या मोटारी पाहिल्या होत्या. माझ्यासारखी गोल स्प्रिंग त्याला नवीन होती.

"क्या रे, इसके पाटे कहाँ रख दिये? बेच के खाये क्या?"

उत्तरेश्वर हसून म्हणाला, "न्हाय हो जवानसाहेब. हाय की आतच. जिलबीवाणी वळवून बसवल्यात."

जवानाने माझ्यावर टिचकी मारली, मान डोलावली आणि फाटक उघडलं. मोगलाईत माझं असं स्वागत झालं.

मी मोटारीखाली असल्यामुळे मला माणसांचे चेहरे धड दिसत नसत. पाय तेवढे दिसत. मी सगळ्यांना पायांवरून ओळखू लागले. महालिंगप्पांच्या पायात करकरणारे चढाव. उत्तरेश्वरच्या पायात टाचेला घासलेली वहाण. महालिंगप्पांची म्हातारी आई इरम्मा हिचे गोरे, सुजरे पाय आणि बाजूला टेकणारी काठी. आणि मोटारखान्याला लागून जी एक खोली होती, तिच्या दारात दिसणारे दोन सावळे पाय, टाचांना भेगा, बोटांत जोडवी. ते उत्तरेश्वरच्या बायकोचे, बानूबाईचे.

इरम्माला सगळे अव्वा म्हणत. तिचं माहेर आळंदकडचं, म्हणून बोलण्यात कानडी डोकावायचं. पहिल्या दिवशी ती मोटारीत उजवीकडे बसली आणि मी दोन बोटं खाली गेले. अंगाने भारी होती म्हातारी. येडशीपर्यंत जाऊन आल्यावर ती उतरताना म्हणाली, "अय्यो! घरातच बसून आल्यावाणी झालं की. पोटातलं पाणी हाललं न्हाय. त्या छकड्यातनं आलं की हाडं मोजून घ्याय लागायची, एखादं वाटंत तर पडलं न्हाय ना!"

मित्रांनो, मला एवढं कौतुक पुष्कळ झालं. त्या दिवसापासून उजवी जागा अव्वाची ठरली आणि अव्वा माझी.

उत्तरेश्वर मला जपायचा. दर आठवड्याला मोटार धुतली की तो डोक्यावरून पोतं पांघरून खाली शिरायचा आणि माझ्या वेटोळ्यांतली माती बोटाने काढायचा. मग रॉकेलचा बोळा फिरवायचा. "हिच्यात माती साठली की ही गुदमरती," असं तो बायकोला सांगायचा. बानूबाई बाहेर पाण्याची बादली धरून उभी असायची. ती म्हणायची, "माझ्या टाचंवरनं कधी असा बोळा फिरवला का?" तो म्हणायचा, "तू कुठं अव्वाला उचलतीस?" मग दोघंही हसायची.

पुढे लढाई भडकली आणि पेट्रोल मिळेना. महालिंगप्पांनी मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळसा पेटवायचा, त्याच्या वायूवर मोटार चालवायची, अशी ती युक्ती होती. भट्टी पुरुषभर उंच होती. तिचा सगळा भार आम्हा दोघी बहिणींवर आला. मी कुरकुर केली नाही. पण उत्तरेश्वरचं काम वाढलं. पहाटे उठून कोळसा फोडायचा, चाळायचा, भट्टी पेटवायची, राख काढायची. मला धुवायला त्याला वेळ मिळेना. आठवड्याचा महिना झाला आणि महिन्याचे तीन. माझ्यात माती साठत गेली आणि घट्ट होत गेली.

त्या भट्टीला बानूबाई फार भ्यायची. बार्शीच्या बाजाराला जाताना येडशीचा घाट उतरावा लागे. पाठीमागे आग, पुढे उतार आणि मध्ये आपला नवरा, हे तिच्या डोक्यातून जायचं नाही. मोटार बार्शीला निघाली की तिचे पाय दारातून हलत नसत. संध्याकाळी गावाच्या शिवेवर हॉर्न वाजला की मग ते आत जात. तोवर ती जेवत नसे. उत्तरेश्वरला हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी कामाच्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. दुकानातला तराजू, कापसाचा काटा, कुऱ्हाड, नांगर, सगळं धुऊन मांडलं गेलं. उत्तरेश्वरने मोटारीची मागली बाजू जॅकवर उचलली, चाकं धुतली आणि तो झेंडूची फुलं आणायला गेला. मोटार उचलल्यामुळे मी मोकळी लटकत होते. माझ्या वेटोळ्यांमध्ये चांगल्या तीन-तीन बोटांच्या फटी पडल्या होत्या.

तेवढ्यात भेगांच्या टाचा आल्या. बानूबाई खाली बसली. तिच्या हातात एक चपटा गोटा होता. तिचं माहेर माकणी. पंचमीला गेली तेव्हा तिने तेरणा नदीतून तो उचलून आणला होता. त्याला तिने शेंदूर फासला होता आणि चोळीच्या हिरव्या खणाच्या पट्टीत तो बांधला होता.

तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या शेताच्या बांधावर एक शेंदरी गोटा असतो. तो शेत राखतो. विहिरीच्या तोंडाशी असतो, तो पाणी राखतो. वाटेला फाटा फुटतो तिथे असतो, तो वाटसरू राखतो. मोटारीला राखणारं कुणी नव्हतं. पुढे काचेपाशी गोटा ठेवावा तर महालिंगप्पा बघतील. त्यांच्या गळ्यात लिंग, त्यांना असले शेंदरी गोटे चालत नसत. म्हणून ती लपती जागा शोधत होती आणि तिला मी दिसले.

"हितं बस," ती गोट्याला हळूच म्हणाली. "त्येंच्या मागं आग हाय, म्होरं घाट हाय. ध्यान ठिव." आणि तिने तो फटीतून माझ्या पोटात सारला. असलं काम कुणाला सांगायचं नसतं, सांगितलं की त्यातलं बळ जातं, असं तिच्या माहेरी मानत. तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. उत्तरेश्वरने जॅक उतरवला. माझ्या फटी मिटल्या. गोटा आतच राहिला.

खणाचं कापड होतं तोवर सगळं ठीक चाललं. पंधरा-वीस दिवसांत ते घासून फाटलं. मग गोटा सुटा होऊन माझ्या अंगावर आपटू लागला. खड्डा आला की टक. दगड आला की टक टक. उत्तरेश्वर दहा वेळा खाली वाकला. त्याने सगळे नट आवळले. पण माझ्यात इतका चिखल बसला होता की आत काही आहे हे त्याला दिसणार कसं?

अव्वा म्हणायची, "उत्तरेश्वरा, मोटारीला उचकी लागलीया का रं? कोण आठवण काढतंय तिची?"

मला सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या दिवशी मात्र घात झाला. सगळी माणसं शेतात वनभोजनाला निघाली होती. घरची बाकी मंडळी बैलगाडीतून पुढे गेली. अव्वा महालिंगप्पांबरोबर मोटारीत बसली आणि तिने मांडीवर आंबिलीने भरलेली मातीची बिंदगी धरली. कडब्याच्या कोपीत पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पुजतात, त्यांच्या नैवेद्याची आणि मग शेतात शिंपडायची ती आंबील. ओढ्यापाशी चाक खाली गेलं आणि तेवढ्यात तो गोटा माझ्या दोन वेटोळ्यांत आडवा अडकला. मला मिटताच येईना. सगळी मोटार दाणकन आदळली. बिंदगी फुटली. आंबील अव्वाच्या लुगड्यावर, गादीवर आणि महालिंगप्पांच्या कोऱ्या धोतरावर.

अव्वाला लागलं नाही. पण पांडवांची आंबील वाटेतच सांडली म्हणून तिने उतरून बिंदगीची खापरं एकेक करून ओढ्याकाठी ठेवली. महालिंगप्पा मात्र कडाडले.

"स्प्रिंग मोडलीया ही! कुठं आदळलास सांग."

"कुठंच न्हाय, मालक. आईच्यान."

"आईला मधी आणू नगंस. दोन महिनं टक टक चाललीया. कुठंतरी खड्ड्यात घातलीस आन गप बसलास. परवा काढ ती स्प्रिंग, माझ्याम्होरं. मोडलेली निघाली तर किल्ली हितं ठिवायची आन खोली खाली करायची. सोलापूरचा दुसरा ड्रायव्हर तयार हाय."

त्या संध्याकाळी खोलीतलं बोलणं मी ऐकलं. भिंत पातळ होती.

"जेवत का न्हाईसा?" बानूबाईने विचारलं.

"येळवशीचं जेवान अजून जिरलं न्हाय."

"मोटारीचं काय झालं म्हनं?"

"काय न्हाय. जरा उघडून बघायचीया."

नोकरी आणि राहती खोली दोन्ही जाणार, हे त्याने तिला सांगितलं नाही, तिचा जीव घाबरा होईल म्हणून. आपण मोटारीत काय ठेवलंय हे तिने त्याला सांगितलं नाही, त्याची राखण जाईल म्हणून. आणि मधल्या भिंतीपलीकडे मी, पोटात गोटा घेऊन उभी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोरोबा लोहार घण घेऊन आला. तो उत्तरेश्वरपेक्षा वयाने मोठा, म्हणून उत्तरेश्वर त्याला तात्या म्हणे. टांग्याचे आणि लॉरीचे पाटे त्याने पुष्कळ सोडवले होते. घण घालायचा, पाचर ठोकायची, पाटा मोकळा. तो तसाच माझ्यावर घण उगारून आला.

"तात्या, थांबा! घण नगं. ही पाट्यावाणी न्हाय. हिच्यावर निम्म्या मोटारीचं वजन बसलंय. तशीच सुटली तर छाती फोडंल."

"मग काय हिला ओवाळू?"

"हळूहळू उतरवू. बाळंतिणीला उठवत्यात तसं."

मुलांनो, मला काढायचं काम धीराचं आहे. त्यांनी आधी भट्टी उतरवली. पुढच्या चाकांना दगड लावले. मागून मोटार जॅकवर उचलली आणि तिच्या सांगाड्याखाली बाभळीचे दोन ठोकळे सरकवले, म्हणजे जॅक घसरला तरी अंगावर यायची नाही. चाक काढलं. आसाला धरून ठेवणारा, धक्के गिळणारा एक दांडा असतो, त्याचा नट सोडला. मला बैलाच्या कासऱ्याने सांगाड्याला बांधलं. मग दुसरा जॅक आसाखाली देऊन तो एकेक दात खाली सोडू लागले. आस खाली जाऊ लागला तशी मी लांब होऊ लागले. तीन-चार वर्षांचा भार अंगावरून उतरत होता. शेवटी माझं वरचं टोक सुटलं. कासरा हलला, पण मी उडाले नाही. गोरोबाने मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि अंगणात लिंबाखाली उभं केलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसांचे चेहरे उजेडात नीट पाहिले. उत्तरेश्वरचा चेहरा पाहिला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो तरुण होता, आणि फार भ्याला होता.

गोरोबाने काठीने माझ्यातला चिखल पाडला. ढेकळं पडली. त्यांच्याबरोबर लाल काहीतरी गडगडत बाहेर आलं. गोरोबाने त्यावर रॉकेल ओतलं. शेंदूर लखलखला. गोरोबा एकदम मागे उडाला.

"आरं बाबौ! हिच्या पोटात देव हाय!"

घटकाभरात अर्धी पेठ गोळा झाली. समोरचा किराणावाला बंडप्पा नारळ घेऊनच आला. कुणी माझ्यावर हळद टाकली. कुणी वेटोळ्यांत झेंडू खोवले. मोटारीत देव निघाला, असं पार स्टेशनपर्यंत गेलं.

"हितंच पार बांधू," बंडप्पा म्हणाला. "स्प्रिंग उभी रवायची आन वर देव. देवाला झोका बी हुईल."

"म्या तर आता हिला हात लावत न्हाय," गोरोबा म्हणाला. "देवाचं आसन हाय ते. परत मोटारीखाली घालू व्हय?"

मी घाबरले. मला पूजा नको होती. मला रस्ता हवा होता.

तेवढ्यात करकरणारे चढाव आले. महालिंगप्पांनी गर्दी बाजूला केली, गोटा पाहिला आणि म्हणाले, "देव आपूनच मोटारीत चढला व्हय? तिकीट काढलं हुतं का त्यानं?" कुणी हसलं नाही. मग ते उत्तरेश्वरकडे वळले. "मोडलेली झाकाय देव म्होरं केलास. कुणी ठिवला ह्यो?"

उत्तरेश्वर खाली बघत होता. चिखलात एक हिरवी चिंधी पडली होती. त्याने ती उचलली, अंगठ्याने पुसली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याला खण ओळखू आला. ती चोळी त्यानेच बार्शीहून आणली होती.

त्याने चिंधी मुठीत घेतली.

"म्या ठिवला, मालक."

"कशाला?"

त्याने कमरेची किल्ली काढली आणि पुढे धरली.

तेव्हा गर्दीतून भेगांच्या टाचा पुढे आल्या. या खेपेला मी त्यांच्या वर बघितलं. डोईवरचा पदर दातांत धरलेला, कपाळावर मोठं कुंकू.

"त्येंनी न्हाय. म्या ठिवला."

"बानू, गप," उत्तरेश्वर म्हणाला.

"का गप? मालक, त्येस्नी ठावं बी न्हाय. आन तो देव बी न्हाय. माझ्या माहेरच्या नदीतला गोटा हाय. शेंदूर म्या फासला."

बंडप्पाने नारळ कधीच फोडला होता आणि खोबरं तोंडात टाकलं होतं. तो चावायचा थांबला.

ओसरीवरून काठी टेकत अव्वा खाली आली. लोकांनी वाट दिली. ती बानूबाईसमोर उभी राहिली.

"कशापायी ठिवलास गं?"

"अव्वा, त्येंच्या मागं आग असती आन म्होरं घाट असतो. हे गेले की माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय. शेताला राखन्या हाय, हिरीला हाय. मोटारीला कुनीच न्हवतं. मोटारीत तुमी बी बसता." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "माझ्यापायी तुमची आंबील सांडली. काय बोलायचं ते मला बोला. त्येंची किल्ली घेऊ नगा."

उत्तरेश्वर बायकोकडे बघत राहिला. इतकी वर्षं ती उपाशी थांबत होती, हे त्याला आज चारचौघांत कळलं.

"गोरोबा," अव्वा म्हणाली, "मोडलीया का ती?"

गोरोबा पुढे आला. त्याने झेंडू काढून ठेवले, फडक्याने मला पुसलं आणि प्रत्येक वेटोळ्यावरून नख फिरवलं. मग बारक्या हातोडीने एक ठोका दिला. मी टण्ण करून वाजले. जितकं चांगलं वाजता येईल तितकं वाजले.

"धडधाकट हाय, अव्वा. चीर न्हाय, वाक न्हाय."

"मग किल्ली कशाला घेतोस रं?" अव्वाने लेकाला विचारलं.

"अव्वा, मोटारीत धोंडा घातला ह्या बाईनं! आपलं मरान हुतं ओढ्यात!"

"महालिंगा, तू पैल्यांदा एकटा बार्शीला गेलास, आठवतं? तवा तुझ्या बंडीच्या आत म्या इभुतीची पुरचुंडी शिवली हुती."

"कवा?"

"तुला कशाला सांगू? सांगितलं असतं तर तू काढून फेकली असतीस. शाना हुतास."

"म्हंजी... त्या बंडीत?"

"त्या बी आन ह्या बी. तुझी कंची बंडी मी शिवली न्हाय?"

महालिंगप्पांचा हात आपसूक छातीकडे गेला. त्यांनी बंडीची शिवण बोटांनी चाचपली. एका जागी बोटं थांबली. गोरोबा आधी हसला, मग बंडप्पा, मग सगळं अंगण हसायला लागलं. शेवटी महालिंगप्पांनाही ओठ दाबून धरता येईनात.

"धर ती किल्ली," ते उत्तरेश्वरला म्हणाले. "सोलापूरला निरोप धाडतो. पर दर आठवड्याला हिला धुवायची. भट्टीच्या कोळशाला दुसरा गडी देतो."

"आन आंबील?" बानूबाईने विचारलं.

"मातीलाच द्यायची हुती," अव्वा म्हणाली, "मातीलाच गेली. पर तू उद्या बार्शीला यायचंस आमच्यासंगं. घाट काय असतो त्यो डोळ्यांनी बघ."

"अव्वा! मी? मोटारीत?"

"न्हाय तर काय मोटार तुझ्यात?"

गोरोबा आणि उत्तरेश्वर यांनी उन्हं कलायच्या आत मला परत जागेवर बसवलं. गोटा बानूबाईने पदरात घेतला आणि मोटारखान्याच्या दाराशी मातीत रोवला. तिथे तो कुणाला टोचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या बाजूला बसली. अव्वा मध्ये सरकली होती. बानूबाई गादीच्या काठावर पाय जवळ घेऊन बसली, पाठ टेकेना. मित्रांनो, मी वजनावरून माणूस ओळखते. तिचं वजन एवढंसं होतं. पण तिच्या अंगाची थरथर गादीतून माझ्यापर्यंत येत होती. घाट लागला तशी ती वाढली. पहिल्या वळणाला उत्तरेश्वरने मोटार इतकी सावकाश वळवली की चाकाखालचा खडाही उडाला नाही. दुसऱ्या वळणाला तसंच. माझ्या पोटात आता काही नव्हतं. मी प्रत्येक खड्डा गिळला, एकही वर जाऊ दिला नाही. तिसऱ्या वळणावर थरथर थांबली. चौथ्यावर तिने पाठ टेकली.

मग तिचा आवाज आला, "अवं, जरा दामटा की! मागनं बैलगाडी येतीया!"

अव्वा अशी हसली की मी सपाट रस्त्यावर खालीवर होत राहिले. पुढे बसलेले महालिंगप्पा हसले. उत्तरेश्वर सगळ्यात शेवटी हसला आणि त्याने हॉर्न वाजवला, घाटात, समोर कुणी नसताना.

त्यानंतर मोटार बार्शीला गेली की बानूबाई वेळेवर जेवायची. वाट आता तिची पाहिलेली होती.

मित्रांनो, पुढचं थोडक्यात सांगते. लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्टी गेली. अव्वा म्हातारपणाने गेली. मोटार जुनी झाली, तिचे भाग सुटे झाले आणि मी गोरोबाकडे आले. दोन वर्षांपूर्वी बानूबाई तापाने गेली. उत्तरेश्वर आता लॉरी चालवतो. गावात असला की गोरोबाच्या भात्यापाशी येऊन बसतो. बोलता बोलता त्याचा हात सवयीने माझ्याकडे येतो आणि तो फडक्याने माझी धूळ पुसतो.

परवा तो म्हणाला, "तात्या, मोटारीतनं बानूच्या चार खेपा झाल्या."

"चांगलं झालं की," गोरोबा म्हणाला.

"आनखी झाल्या असत्या. म्याच चल म्हनलं न्हाय."

गोरोबाने भाता ओढला.

मुलांनो, माझं मागणं मोठं नाही. जी वस्तू तुमचा भार उचलते तिला आठवड्यातून एकदा पुसा, तिच्यात माती साठू देऊ नका. कुठून आवाज आला तर आधी खाली वाकून बघा आणि मग कुणाला बोला. आणि तुम्ही मोठे होऊन कुठे लांब जाऊ लागलात, आणि घरी कुणी तुमच्या वाटेकडे डोळे लावून उपाशी बसत असेल, तर त्या माणसाला बरोबर घेऊन जा. एकदा नेलं म्हणून थांबू नका, पुन्हा न्या. जागा होते. आणि ओझ्याचं म्हणाल तर ते मी उचललेलं आहे. ते काहीच नसतं.